सोहोन्यांच्या पेटीची खंडेनवमी

चिंतामणराव सोहोनी अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं देखभाल खात्यात होते, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी उघडलेलं यंत्र पुन्हा जोडल्यावर चाललं नाही असं एकदाही घडलं नव्हतं. हे सांगणारे अर्थात तेच. पण निवृत्त झाल्यावर अंबरनाथ पश्चिमेची भाड्याची जागा सोडून ते खरवईच्या नव्या सोसायटीत राहायला आले त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं की जिना झाडणाऱ्या जनाबाईलाही ते पाठ होतं. अशा माणसावर अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीला जो प्रसंग आला तो वैऱ्यावरही येऊ नये.

प्रसंग आला तो त्यांच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवरून. या कॉम्प्युटरला सोसायटीत कुणी कॉम्प्युटर म्हणत नसे, सगळे 'पेटी' म्हणत. पेटी नावालाच सोहोन्यांची. खरी ती तुळशीची.

तुळशी ही सोसायटीच्या मागच्या अंगाला राहणाऱ्या दौलतरावांची नात. दौलतराव खरवईचे जुने शेतकरी, भाताची चार खाचरं आणि एक बैलजोडी बाळगून असलेले. पोरीची नजर तिसऱ्या वर्षी तापात गेली. वसतिगृहात राहून, बोटांनी उठावाचे ठिपके वाचत ती मॅट्रिक झाली, आणि आता बाहेरून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसली होती. पण कॉलेजची पुस्तकं ठिपक्यांत कुठून मिळायची? चिंतामणरावांची बायको उमाताई शाळेत शिक्षिका होत्या. त्या रोज दुपारी तुळशीला पुस्तक वाचून दाखवायच्या. दोन महिन्यांत त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली, आणि मग हां हां म्हणता सगळी सोसायटीच वाचायला लागली.

माणसं एखाद्या चांगल्या कामाला लागली की त्यांना आवरणं अवघड, हे खरं. समोरच्या कुंदाताईंनी इतिहास घेतला. त्यांना वेळ मिळे तो फक्त स्वयंपाक करताना, त्यामुळे पेटीचा माइक लांब वायर लावून त्यांच्या ओट्यापर्यंत नेला होता. पानिपताच्या ऐन धुमश्चक्रीत कुकरच्या तीन शिट्ट्या होत आणि पाठोपाठ गॅस बारीक करण्याचा हुकूम सुटे, तो मराठ्यांच्या फौजेसाठी नसे. सोसायटीचे सेक्रेटरी शरदचंद्र नाडकर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी राज्यशास्त्र घेतलं. ते पान क्रमांकासकट, तळटीपांसकट आणि स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' असं म्हणून वाचत. स्वतः चिंतामणरावांकडे अर्थशास्त्र होतं. ते त्यांना कळत नसे, पण आवाज खणखणीत होता.

असं चाळीस तासांचं वाचन पेटीत साठलं. दर आठवड्याला त्यातलं थोडं कॅसेटवर उतरवून तुळशीला द्यायचं, आणि तिचं ऐकून झालं की त्याच कॅसेटवर पुढचं. कॅसेट सहाच होत्या. म्हणजे अख्खं पुस्तक होतं ते पेटीत, आणि फक्त पेटीत.

आता पेटीच्या पोटातलं थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. चाळीस तासांचा आवाज एका डिस्कमध्ये मावेना, आणि मोठी डिस्क घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. तेव्हा शरदचंद्रांचा मुलगा शशिकांत, जो या विषयातला इंजिनियर, त्याने उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या टेकचंदच्या दुकानातून तीन जुन्या, एकसारख्या डिस्क आणल्या आणि त्यांच्याकडून एका मोठ्या डिस्कचं काम करून घेतलं. पंगतीत वाढावं तसं होतं ते. आवाजाचा पहिला घास पहिलीला, दुसरा दुसरीला, तिसरा तिसरीला, चौथा पुन्हा पहिलीला. एकटीच्या पानात काहीच अर्थाचं नाही, तिघी ओळीने बसल्या तरच वाक्य पुरं. आणि डिस्कला स्वतःचं नाव नसतं, पट्टीसारख्या वायरीच्या ज्या जागी ती लावाल तोच तिचा नंबर. हे सगळं शशिकांतने चिंतामणरावांना समजावून सांगितलं होतं. चिंतामणरावांनी मान डोलावली होती. पुढे जूनमध्ये शशिकांत कॉम्प्युटरमधल्या दोन हजार सालच्या तारखांचा घोळ निस्तरायला अमेरिकेला निघून गेला, आणि ते डोलावणंही त्याच्याबरोबर गेलं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. पण चिंतामणरावांच्या खात्याची रीतच वेगळी. बाहेरून हार घातला आणि नारळ फोडला, असली पूजा त्यांना मान्य नव्हती. यंत्र उघडायचं, आतला मळ काढायचा, सुटे भाग पुसून पाटावर मांडायचे आणि मग हळदकुंकू. पोटात घाण ठेवून कपाळाला कुंकू लावणं हा यंत्राचा अपमान आहे, असं ते म्हणत. त्यामुळे त्या दिवशी सकाळी आंघोळ करून, सोवळ्यासारखी लुंगी नेसून त्यांनी पेटी उघडली. सगळ्यात खाली एक लहान डिस्क होती, तिच्यावर यंत्र चालवणारी व्यवस्था. तिच्या स्क्रूचं डोकं झिजलं होतं म्हणून ती बचावली. तिच्यावर एकावर एक बसवलेल्या तिन्ही डिस्क त्यांनी काढल्या, ब्रशने झाडल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या आणि पाटावर ठेवायला आईच्या हातात दिल्या.

आई म्हणजे माई. वय ब्याऐंशी, अक्षरओळख बेताची, नजर आता त्याहून बेताची. लोणच्याच्या बरण्या ओळखायला त्यांची जुनी युक्ती होती, बरणीवर ठिपके. आंब्याला एक, लिंबाला दोन, मिरचीला तीन. त्या डिस्कना त्या 'डबे' म्हणत. धातूवर कुंकू ठरत नाही म्हणून त्यांनी आपल्या जुन्या फणेरपेटीतून मेणाची डबी काढली, आधी मेण, त्यावर कुंकू, जसं त्या सत्तर वर्षं स्वतःच्या कपाळावर लावत आल्या तसं. आरती झाली. पेढा वाटला. चिंतामणरावांनी डिस्क पुन्हा बसवल्या, चारही बाजूंनी स्क्रू आवळले आणि दसऱ्याचा मुहूर्त म्हणून पेटी दुसऱ्या दिवशीच चालू करायची असं ठरवलं.

दसऱ्याला सकाळी आपट्याचं पान वाहून त्यांनी बटण दाबलं. पेटी घरघरली, पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, मध्येच थबकली आणि तिथेच उभी राहिली. इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा मथितार्थ असा, की तीन डिस्कची जी एक डिस्क व्हायला हवी ती नीट उभी राहत नाही, आत काय आहे ते समजत नाही, दुरुस्त करू का? हो किंवा नाही.

चिंतामणरावांनी पेटी बंद केली, दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू केली. तेच. तिसऱ्यांदा देवाचं नाव घेऊन चालू केली. तेच. तुळशीची परीक्षा बाराव्या दिवशी होती, आणि त्याआधी तिला सगळं एकदा पुन्हा ऐकायचं होतं.

आता खरं पाहता यंत्र काल चाललं होतं, मधे ते एका माणसाने उघडलं आणि आज ते चालत नाही, यावरून शेंबड्या पोरानेही निष्कर्ष काढला असता. पण तो माणूस चिंतामणराव सोहोनी होता. एकतीस वर्षं आणि चाळीस टनांची प्रेस मशिन पाठीशी असलेला माणूस अशा निष्कर्षाला आपल्या दारात उभं करत नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर पाटावर सांडलेल्या कुंकवावर गेली.

मग जे झालं त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. कुंकू आत गेलं, हळदीत लोखंड असतं, नाजूक यंत्राला असं बरबटवतात का, असं ते आईला तिच्या तोंडावर, सणाच्या दिवशी, उमाताई डोळ्यांनी खुणावत असताना बोलले. माई म्हणाल्या, "अरे, मी खुणेला..." पण त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. पेटी उघडून, डिस्क एकेक करून स्पिरिटच्या बोळ्याने लख्ख पुसल्या. माई बघत होत्या. शेवटचा ठिपका पुसला गेला तेव्हा त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

त्या दिवसापासून माईंनी मुलाशी बोलणं सोडलं. रागाने आदळआपट नाही, जेवण सोडणं नाही. मीठ हवं असलं तर उमाताईंना सांगायच्या, की त्याला म्हणावं मीठ सरकव. तो शेजारीच बसलेला असे. पेटीचा विषय निघाला की त्या जपमाळ घेत.

पेटी बसली ही बातमी संध्याकाळी सोनं वाटायला आलेल्या मंडळींबरोबर सगळीकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. मराठी मध्यमवर्गीय माणूस दुसऱ्याच्या आजारात औषध आणि दुसऱ्याच्या यंत्रात बिघाड सुचवल्याशिवाय परत जात नाही. वरच्या मजल्यावरचे महिपती कुलकर्णी म्हणाले की विजेचा दाब कमी पडतोय, म्हणून दोन दिवस सगळ्या मजल्याने फ्रीज बंद ठेवले. पेटी सुधारली नाही, कुणाची तरी बासुंदी नासली. कुंदाताईंना वाटलं पेटीला सर्दी झालीय, म्हणून तिच्याभोवती टेबललॅम्प लावून तिला शेक दिला. गावात एकाला व्हायरस हा शब्द माहीत होता. तो येऊन शब्द सांगून गेला. जनाबाईने काही न विचारता मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, आणि निदान तिने फुकटचं बोलून डोकं तरी खाल्लं नाही.

चौथ्या दिवशी शरदचंद्रांनी चौकशी समिती नेमली. समितीत ते एकटेच होते, कारण गणपूर्तीला तेवढं पुरतं असं त्यांनी उपविधीत शोधून काढलं होतं. त्यांनी फुलस्केपवर अकरा प्रश्नांची यादी केली आणि चिंतामणरावांचा रीतसर जबाब घेतला. बिघाडाच्या वेळी आपण कोठे होतात. यंत्राच्या सान्निध्यात पाणी, मांजर किंवा लहान मूल होते काय. सातवा प्रश्न होता, बिघाडापूर्वी यंत्र कोणी उघडून आतील भाग बाहेर काढले होते काय.

चिंतामणरावांच्या हातातलं पेन तिथे जरासं थांबलं. खिडकीतून खाली तुळशी दिसत होती, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून बांधावरून चाललेली. मग त्यांनी लिहिलं, 'बाहेरून साफसफाई नित्याप्रमाणे. इतर काही नाही.' आणि खाली लफ्फेदार सही केली. शरदचंद्रांनी त्यावर शिक्का मारला.

पाचव्या दिवशी पेटी रिक्षात घालून, मांडीवर उशी, उशीवर पेटी अशी ते उल्हासनगरला टेकचंदकडे घेऊन गेले. टेकचंद गोरा, जाड, कानामागे पेन्सिल खोचलेला भला माणूस. त्याच्या एवढ्याशा दुकानात यंत्रांचे सांगाडे छतापर्यंत लागलेले असत, पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी तो हात पुसून घेई. त्याने तिन्ही डिस्क सुट्या सुट्या लावून तपासल्या, कान लावून ऐकल्या आणि परत दिल्या.

"साईं, तीनों चंगी हैं. बीमारी इन में नहीं है," तो म्हणाला. "जिस ने जोड़ा था उस से पूछो."

ज्याने जोडलं तो अमेरिकेत. टेकचंदच्या दुकानात इंटरनेट होतं. त्याने स्वतः बसून शशिकांतला इंग्रजीतून ईमेल टाइप करून दिलं, चहा पाजला, तासाभराने उत्तर आलं तेही वाचून दाखवलं. शशिकांतने लिहिलं होतं, की काका, घाबरू नका, सगळं आत शाबूत असणार. पेटी दुरुस्त करू का विचारील तेव्हा चुकूनही हो म्हणू नका. चुकीच्या अवस्थेत ती दुरुस्ती करायला बसली तर जे आहे ते पुसून टाकील. आणि एकच सांगा, तुम्ही पेटी उघडून डिस्क काढल्या होत्या का?

टेकचंद बोटं कळफलकावर ठेवून वाट बघत होता. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाने तर सरळ वाकून पडद्यावरचं वाचलं. चिंतामणरावांनी ताठ होऊन सांगितलं, "लिहा. नो क्वेश्चन ऑफ ओपनिंग."

म्हणजे बघा. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून त्या पोराने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं, आणि ज्याचं दुखत होतं त्याने सांगितलं, दुखतच नाही. शशिकांतचं पुढचं उत्तर आलं त्यात अवघड अशा सतरा सूचना होत्या. त्यातल्या एकीचाही उपयोग झाला नाही, होणारच नव्हता.

इकडे सोसायटीत सगळं नव्याने वाचायला सुरुवात झाली होती. पाच महिन्यांचं वाचन सहा दिवसांत उरकायचं म्हणून लोक पाळीपाळीने थेट कॅसेटवर वाचू लागले. कुंदाताईंनी एका सकाळीत तीन लढाया संपवल्या आणि दुपारी त्यांचा आवाज गेला. शरदचंद्रांनी स्वल्पविराम गाळले, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा त्याग होता. पण सगळ्यांनी जीव तोडून वाचूनही चौथा हिस्सा होईना. सातव्या दिवशी तर कहर झाला. चिंतामणराव आंघोळीला गेलेले असताना शरदचंद्र समितीच्या वतीने पाहणी करायला आले, पेटी चालू केली, आणि दुरुस्त करू का या प्रश्नाला उत्तर न देणं हे कार्यालयीन शिस्तीत बसत नाही म्हणून 'हो'चं बटण दाबायला बोट पुढे केलं. उमाताईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं. घसा बसलेल्या त्या बाईने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा असा काही आवाज काढला की शरदचंद्र खुर्चीसकट मागे गेले. चिंतामणराव साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले. बोट आणि बटण यांत तेव्हा एका इंचाचं अंतर होतं, असं समितीच्या अहवालातही नमूद आहे.

नवव्या दिवशी संध्याकाळी दौलतराव आणि तुळशी घरी आले. दौलतरावांनी वहाणा दाराबाहेर काढल्या, पोरीला खुर्चीवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसले. खुर्ची दिली तरी बसेनात. तुळशी म्हणाली की तिने ठरवलंय, या वेळी परीक्षा द्यायची नाही, पुढच्या वर्षी बसायचं. सगळ्यांचे घसे गेलेत, कुंदाकाकूंना तर बोलताही येत नाही. तिच्यापायी एवढ्या जणांना त्रास झालेला तिला बघवत नाही. 'बघवत नाही' हा शब्द ती सहज म्हणाली. पुढच्या वर्षीचं तिलाही माहीत होतं आणि सगळ्यांनाही. कल्याणच्या एका कचेरीत टेलिफोनवरची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, ती या वर्षीच्या पदवीवर.

दौलतराव एवढा वेळ पेटीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, झालं काय होतं नेमकं याला. उमाताईंनी सांगितलं, की खंडेनवमीला पुसूनपासून पूजा केली, आणि दुसऱ्या दिवशी ही उभीच राहिली.

"आमी पोळ्याला बैल धुतो, शिंगं रंगवतो, पूजा करतो," दौलतराव सावकाश म्हणाले. "मंग परत जुपताना एकच ध्यानात धरायचं. डाव्याला डावीकडंच जुपायचा. डावा बैल उजवीकडं जुपला का तो औत वढत नाय. मारा, झोडा, उभाच ऱ्हातो. त्यात बैलाची काय चूक नाय. तुमी यांना काढून परत जुपलं, तवा जागा बदलली नाय ना, साहेब?"

हाच प्रश्न शशिकांतने विचारला होता, समितीने विचारला होता, पण या म्हाताऱ्याने तो विचारला तेव्हा जमिनीवर बसून, वर बघत, अगदी अजीजीने विचारला. त्यात दोष कुठे नव्हताच. चिंतामणरावांच्या डोळ्यांसमोर ती सकाळ लख्ख उभी राहिली. तीन डिस्क पाटावर, आणि आपण त्या परत बसवताना जिच्यावरचं लेबल चांगलं तीच वर घेतोय, शोभेसाठी.

"बदलली," ते म्हणाले. आणि मग, एकतीस वर्षं गिळून, "मीच उघडली होती. मीच उलटसुलट बसवल्या. सगळ्यांना खोटं सांगितलं."

उमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण असं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. शरदचंद्र दारात उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. त्यांनी काही टिपून घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

कारण सापडलं, पण उपाय कुठे होता? चिंतामणरावांनी पेटी उघडून तिन्ही डिस्क पुन्हा त्याच पाटावर ठेवल्या. तिळ्या बहिणी जशा. मूळची खाली कोणती, मधली कोणती, वर कोणती, काही खूण नाही. कुठल्या लेबलाची डिस्क आधी कुठे होती, हे पाहून ठेवायची बुद्धीही कुणाला झाली नव्हती. शरदचंद्रांनी हिशेब करून सांगितलं की सहा तऱ्हा होतात. सहाही तऱ्हा करून बघायच्या म्हणजे बरोबर तऱ्हा लागेपर्यंत दर वेळी पेटी तोच प्रश्न विचारणार, आणि एखादी चुकीची तऱ्हा अशी निघायची की पेटीला ती बरोबर वाटावी, आणि ती न विचारताच आत लिहायला बसायची. चिंतामणरावांना आता अंदाजाने काही करायची हिंमत राहिली नव्हती.

तेवढ्यात तुळशी म्हणाली, माझी पुस्तकं असतात कशात ते मला एकदा हातात द्याल का, मी कधी पाहिलं नाही. उमाताईंनी एक डिस्क तिच्या हातात ठेवली. तिने दोन्ही हातांनी ती चाचपली, कडा पाहिल्या, मग अंगठा वरच्या गुळगुळीत पत्र्यावरून फिरवला आणि थांबवला.

"काका, यावर दोन ठिपके आहेत."

चिंतामणरावांनी डिस्क उजेडात धरली. काही नव्हतं. लख्ख पत्रा. तुळशीने दुसरी मागितली. एक. तिसरी. तीन. तिने पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलं, अगदी पातळ आहेत म्हणाली, पण आहेत, मेणाचे असावेत.

मेण. स्पिरिटने कुंकू गेलं होतं, मेणाने स्पिरिटला दाद दिली नव्हती. उमाताई धावत स्वयंपाकघरात गेल्या आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. तुळशीने बरणीला बोट लावलं आणि हसली. तेच दोन. आणि चिंतामणरावांना ते अर्धवट तोडलेलं वाक्य आठवलं. अरे, मी खुणेला.

तरीही गाठ अर्धीच सुटली होती. एक, दोन, तीन हे कळलं, पण एक वर की एक खाली? थोरला माणूस वर, असंच कोणीही म्हणेल. शरदचंद्र तसं म्हणालेही. चिंतामणराव बसवायला वाकले आणि तसेच परत उभे राहिले. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस नऊ दिवस त्यांच्याशी बोललं नव्हतं.

माईंच्या खोलीत दिवा लागला होता. त्या पलंगावर जप करत बसल्या होत्या. तीन डिस्क पाटासकट दोन्ही हातांत घेऊन चिंतामणराव आत गेले, त्यांच्या पायाशी पाट ठेवला आणि साठीचा माणूस त्या पाटाशेजारी फरशीवर बसला. ते म्हणाले, "माई, चूक माझी होती. तुझ्या कुंकवाची नव्हती. तुझ्या खुणा मी पुसल्या, तरी त्याच राहिल्या. आता यातला थोरला कुठे बसतो ते सांग."

माईंनी मणी ओढायचा थांबवला. त्यांनी मुलाकडे बघितलं, म्हणजे जेवढा दिसत होता तेवढा. मग नऊ दिवसांतलं पहिलं वाक्य त्या बोलल्या.

"आधी हात धू. स्पिरिटचा वास येतोय."

ते हात धुऊन आले. माईंनी पदराने डोळे पुसले आणि सांगितलं, की डबे पेटीतून कुठल्या क्रमाने निघतात ते बघून त्यांनी फळीवरच्या बरण्यांसारखं केलं होतं. आंब्याची मोठी बरणी फळीवर तळाला, तसा एक ठिपक्याचा डबा तळाला. "थोरला खाली, रे. थोरल्यानं भार घ्यायचा असतो, वर चढून बसायचं नसतं."

चिंतामणराव चार भावंडांत थोरले होते. बाहेर येऊन त्यांनी एक ठिपका खाली, दोन मध्ये, तीन वर अशा डिस्क बसवल्या. प्रत्येक डिस्क बसवण्यापूर्वी ती तुळशीच्या हातात देऊन खात्री करून घेतली. बटण दाबलं. पांढरी अक्षरं धावली, नेहमीच्या जागी आली, जरा थबकल्यासारखी वाटली आणि पुढे निघून गेली. पेटीने काहीच विचारलं नाही.

मग खोलीत कुंदाताईंचा, पाच महिन्यांपूर्वीचा, धडधाकट आवाज आला. मराठ्यांची फौज यमुनेच्या काठी पोचली होती. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. दारात खुद्द कुंदाताई उभ्या होत्या, घसा गेलेला, गळ्याला मफलर, आणि त्या खळखळून हसत होत्या तर आवाजच फुटत नव्हता. दौलतरावांनी पेटीला हात जोडले. मग जरा विचार करून माईंच्या खोलीच्या दिशेनेही जोडले.

दुसऱ्या दिवशी चिंतामणरावांनी स्वतः जाऊन समितीपुढे पुरवणी जबाब दिला. प्रश्न सातचं उत्तर, होय, मी. शरदचंद्रांनी तो वाचला, पहिला जबाब फायलीतून काढून त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले की हा आवक नोंदवहीत चढलाच नव्हता. एवढ्या शिक्क्याचा कागद चढला नाही असं त्या वहीत कधी झालं नव्हतं. त्यानंतर टेकचंदच्या दुकानातून शशिकांतला एका ओळीचं ईमेल गेलं, आणि टेकचंदला माईंनी आंब्याच्या लोणच्याची बरणी पाठवली, एक ठिपकेवाली.

तुळशीने परीक्षा दिली आणि पुढे पासही झाली. कल्याणच्या त्या कचेरीत आज फोन केलात तर तिचाच आवाज ऐकू येतो, तोही स्वल्पविरामांसकट. परीक्षेहून आली त्या दिवशी चिंतामणरावांनी विचारलं होतं, इतिहासाचा पेपर कसा गेला. ती म्हणाली, छान गेला काका, फक्त लिहून देणारी मुलगी एकदा वैतागली. पानिपताचं उत्तर सांगताना तुळशी मध्येच तीनदा थांबली होती, आणि का ते तिला त्या मुलीला सांगता येईना.